वहीत टोचलेलं लेकरू

अण्णा,

तुमच्या दहाव्याच्या दिवशी मी पोरांचे दंड बघत होते. सांगायला लाज वाटते, पण आता तुमच्यापासून काय लपवायचं? माणसं येत होती, ओसरीवर बसत होती, काकूंच्या भोवती बायका दाटल्या होत्या. मी पाण्याचे तांबे फिरवत होते आणि आयांच्या कडेवरच्या पोरांच्या बाह्या किती वर सरकल्यात ते बघत होते. एका मुलीच्या झबल्याची नाडी सुटली होती. ती बांधायचं निमित्त करून मी बाही वर सारली. देवी टोचल्याचे गोल वण होते, तुमच्या हातचे. दुसऱ्या पोराला होते. तिसऱ्यालाही होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, चौथ्याला नसतील.

ही सवय मला तुमच्याच वहीनं लावली.

मी तुमच्याकडं आले तेव्हा मला धड मराठी बोलता येत नव्हतं. बाबा नोकरीपायी हैदराबादला राहिले आणि माझी शाळा तिकडं इंग्रजीत झाली. शाळा संपल्यावर, लग्न जमेपर्यंत, त्यांनी मला थोरल्या भावाच्या घरी तुळजापूरला ठेवलं. मी कुणाशी बोलायची नाही. काकू शेजारणींना सांगायच्या, "गुणाची आहे, पण तोंडात मूग धरलेत." तुम्ही मात्र मला कामाला लावलंत. निजामाच्या अमलात तुमचं शिक्षण उर्दूत झालं, नोकरीही उर्दूतच सुरू झाली. निजाम गेला, वह्या मराठीत आल्या, त्याही तुम्ही शिकून घेतल्या. पण देवीच्या लशीबद्दल वरून येणारे हुकूम इंग्रजीत यायला लागले आणि तिथं तुमचं अडलं. उस्मानाबादेहून लखोटा आला की तुम्ही तो माझ्यापुढं टाकायचात.

"वाच गं. काय म्हणतोय तुझा लाटसाहेब?"

त्या हिवाळ्यात आलेल्या हुकुमात लिहिलं होतं की एका वर्षाच्या आतली मुलं आधी टोचावीत, शाळेतली मोठी मुलं नंतर. मी शब्द शोधत शोधत मराठीत सांगितलं. तुम्ही हसलात.

"वर्षाच्या आतलं लेकरू काय चावडीवर येऊन बसतंय? ते असतंय माजघरात, आईच्या पदराखाली. तिथवर मला कोण जाऊ देतंय?"

मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्याबरोबर गावोगाव जायला लागले.

ते दिवस चांगले होते. हे आधी लिहिते, कारण पुढं लिहायला जमेल की नाही माहीत नाही. काचेच्या बारीक नळ्यांतली लस ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्ही पिशवीत ठेवायचात आणि ऊन वर यायच्या आत गाव गाठायचात. गावात शिरलं की पहिल्यांदा स्वतःची बाही वर करायचात आणि सगळ्यांसमोर स्वतःलाच टोचून घ्यायचात. तुमच्या डाव्या दंडावर वणांना जागा उरली नव्हती. एक म्हातारी म्हणाली होती, "ह्या बाबाला देवी येनार न्हाईत. येऊन बसायच्या कुठं?" तुम्ही तिला म्हणालात, "म्हणूनच तुमच्याकडं आलोय, आजी. तुमच्याकडं जागा हाय." बायका हसल्या आणि दारं उघडली. मी आत जायची, लेकरू मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसायची आणि तुम्ही बाहेरून हात घालून टोचायचात. माणसांच्या घरात कसं शिरायचं ते मला शाळेनं शिकवलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत.

पण मी बघतही होते. दिवसाचा आकडा भरला नाही की तुम्ही शाळेत जायचात. मास्तर पोरांना रांगेत उभं करायचे. मागच्याच वर्षी टोचलेली पोरं पुन्हा बाह्या वर करायची आणि वही भरायची. मी एकदा विचारलं, "ह्यांना पुन्हा कशाला?"

"वर आकडा लागतो, बाई. दंड कुणाचा, ते कुणी इचारत न्हाय."

तुम्ही ते लपवलं नाहीत, म्हणून मीही सोडून दिलं.

आता त्या घराचं सांगते. गाव तामलवाडीच्या पुढचं आहे. नाव लिहीत नाही. तिला मी बायजा म्हणते, तेही तिचं नाव नाही. गावातलं वजनदार घर. सासू वारलेली, नवरा सोलापूरला गिरणीत. घरात ती आणि तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा तुमच्या बाजूचे होते. ओसरीवर माणसं जमवून म्हणाले, "माझ्या नातवापासनं सुरू करा. मग कोण न्हाय म्हणतंय ते बघतो."

मी आत गेले. बायजा दाराच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. लेकरू कुंचीत गुंडाळून छातीशी घट्ट धरलेलं, चारेक महिन्यांचं असेल.

"ताई, टोचू देऊ नगा," ती म्हणाली. "जावळापोतर लोखंड लागू द्यायचं न्हाय. म्या बोलले हाय देवीला. माझं पहिलं गेलं तवा बोलले. चैती पुनवेला तुळजापूरला जावळ करनार. पहिलं लोखंड देवीच्या दारात."

"आबांना माहीत आहे?"

"न्हाय. ते ऐकायचे न्हाईत. धरून टोचतील."

तेवढ्यात तुम्ही उंबऱ्यापाशी आलात. तुम्ही सगळं ऐकलं होतं. हातात टोचायचं हत्यार होतं, नळी फोडलेली होती. तुम्ही तिच्याकडं बघितलंत, लेकराकडं बघितलंत आणि हत्यार खाली घेतलंत. मग ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालात, "झालं बघा, आबा. गुणाचं लेकरू. रडलंबी न्हाय."

बाहेरून आबा म्हणाले, "रडतंय कशाला? रक्त कुणाचं हाय?"

ओसरी हसली. त्या दिवशी गावातलं एकही दार बंद राहिलं नाही.

परतताना मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही टोचलं नाही."

"चैतात टोचू. जावळाला येनारच हायत. आपल्या दारावरनंच जातील."

"मग तेव्हा लिहा."

"आन् आता काय लिहू? आई न्हाय म्हणती? आबा तिला बुकलून काढंल, लेकरू धरून टोचून घेईल. मग सारं गाव म्हणंल, ही सरकारची जबरदस्ती. उद्यापासनं दारं बंद."

"चैत्रात लस उन्हानं मरते. तुम्हीच सांगता."

"एक नळी माठाखाली वाळूत ठिवीन. इतकी फिकीर करू नको."

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं. मराठीत येईपर्यंत तुम्ही पुढं निघून गेला होता.

आठ दिवसांनी फोड उठलाय का, म्हणजे लस लागली का, ते बघायला आपण पुन्हा गेलो. तुमच्या वहीत त्याचा रकाना वेगळा होता. आबांच्या घरी चहा झाला. आत कुणी गेलं नाही. गावाबाहेर चिंचेखाली बसून तुम्ही वही लिहिलीत. मी समोर बसले होते, मला अक्षरं उलटी दिसत होती. बायजाच्या लेकराच्या नावापुढं तुम्ही लिहिलंत, 'उठली'. पहिलं खोटं घाईत बोलला असाल, असं मी धरून चालले होते. हे दुसरं तुम्ही सावलीत बसून, शांतपणे लिहिलंत.

त्या दिवसानंतर तुम्ही आंघोळीला गेलात की मी वही उघडायची. रकान्याखाली रकाने, सगळीकडं 'उठली, उठली'. एकाच हाताचं एकच अक्षर. खरं कुठलं आणि चिंचेखालचं कुठलं, ते अक्षरावरून कळत नव्हतं.

फाल्गुनात निरोप आला की आबांच्या घरी बया आलीय. लेकराच्या सर्वांगावर देवी उठल्या होत्या. आपण गेलो. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. बाहेरच्या माणसाला आत जाता येत नव्हतं. आबा अंगणात उभे होते. असल्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत. हळू आवाजात ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही टोचलं हुतं न्हवं?"

तुम्ही म्हणालात, "व्हय."

मी तुमच्या मागं उभी होते. तुमच्या मानेवर घाम होता, निदान मला तसं वाटलं. मग तुम्ही त्या गल्लीतली, जी देतील ती सगळी लेकरं टोचलीत. संध्याकाळपर्यंत जेवला नाहीत. मला तुमची कीव आली आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस मला दाखवण्यासाठी उपाशी राहिलाय. अशी मी झाले होते.

सहाव्या दिवशी लेकरू गेलं.

पुढं जिल्ह्याहून साहेब जीपनं आले. एक इंग्रजी कागद भरायचा होता. साहेबांना घाई होती, ड्रायव्हरनं जीप चालूच ठेवली होती. तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवलात. मूल टोचलेलं होतं काय? फोड उठला होता काय? मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "लिही, बाई." मी दोन्हीकडं होय लिहिलं. साहेब म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमच्या पुतणीचं." आणि खाली त्यांनी लिहिलं की लस निकामी असावी.

चांगली लस कागदावर निकामी ठरली. गावाला कागदाची गरजही नव्हती. आबांच्या घरचं टोचलेलं लेकरू गेलं, एवढं सगळ्यांना पुरलं.

पुढच्या हिवाळ्यात आपण त्या गावात गेलो. तुम्ही बाही वर केलीत, दंडावर टोचून घेतलंत. कुणी हसलं नाही. त्याच म्हातारीनं दारातून सांगितलं, "आबाच्या घरचं टोचूनबी गेलं. आमचं काय ऱ्हातंय? तुझी सुई तुझ्यापाशी ठेव, बाबा." शेजारच्या दोन गावांतही तेच झालं. वर्षाच्या आतली किती लेकरं त्या दारांमागं होती, ते मला माहीत नाही. तुम्हाला बहुतेक नावानिशी माहीत होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही अंगणात शेंगा फोडत बसला होता. मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तसं विचारलं असेल.

"अण्णा, सांगून टाका ना. टोचलंच नव्हतं म्हणून सांगा. लोक लशीला नावं ठेवतात, तिचा काय दोष?"

"आन् बायजा? सासरा म्हणंल, नवस तुझा, लेकरू तू मारलंस. तिनं कुठं जायाचं?"

"तुम्ही बायजाला झाकताय की स्वतःला?"

तुम्ही हातातली शेंग न फोडता सुपात टाकलीत. "इंग्रजी शाळेत हेच शिकवत्यात व्हय? मोठ्यांना उलट इचारायचं?" म्हणताना थोडं हसलात. मग उठून गेलात. रात्री जेवला नाहीत. काकूंनी मला विचारलं काय झालं, मी काही नाही म्हणाले.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आपण एका घरात राहिलो. गहू, पाहुणे, काकूंचा गुडघा, माझं न जमणारं लग्न, सगळ्यावर बोललो. ह्यावर बोललो नाही. मी कुणाला सांगितलं नाही, ह्याचं श्रेय काकू माझ्या स्वभावाला देतील. लाजाळू आहे म्हणतील. मला आता त्याचाही संशय येतो. गप्प राहणाऱ्या मुलीला कुणी जाब विचारत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या कागदावर अक्षर माझं होतं.

आणि मग कार्तिकात एका सकाळी आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं, तुम्ही पायरीवर बसलात ते उठलाच नाहीत. तुमची बाजू ऐकायची राहूनच गेली.

दहाव्यानंतर तीन दिवसांनी बायजा आली. खांद्यावर नवं लेकरू, मुलगा, तीन महिन्यांचा. काकूंपाशी बसली, रडली, मग मागच्या अंगणात मी भांडी घासत होते तिथं आली.

"ते लेकरू जायाच्या आदी, त्या साली माघात, अण्णा आल्ते," ती म्हणाली. "एकलेच. आबा शेतात हुते. म्हनले, नळदुर्गाला बया आलीय असं ट्रकवाले बोलत्यात. जावळ आत्ताच उरकू. देवीला म्या सांगतो. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. हात जोडले, ताई, त्यांनी माझ्याम्होरं. एवढा मोठा मानूस."

"मग?"

"म्या न्हाय म्हनले. पुनव सोडून कसं करू? बोललेली हुते."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"म्याच शपथ घातली. कुनालाबी सांगायचं न्हाय. तुमालाबी न्हाय."

अण्णा, हे ऐकून मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. पण मी काय विचार केला ते सांगते. मी विचार केला, सुतकाच्या घरात येणारी बाई मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलते. आणि ही काहीतरी मागायला आलीय.

मागायलाच आली होती. "ह्याला टोचून द्या, ताई. गुपचूप. आबा आता कुनाला शिवू देईनात. म्हणत्यात, टोचून एक घालवलं, दुसरं देनार न्हाय."

"तू खरं सांग त्यांना."

"मला तितं नांदायचं हाय," ती म्हणाली आणि लेकराची कुंची नीट केली.

मी रात्रभर काही ठरवलं वगैरे नाही. मला वाटतं, भांडी घासून होईपर्यंतच ठरलं होतं. तुमच्या जागी बार्शीकडचा एक तरुण माणूस आला आहे. त्याला मी म्हणाले, त्या गावाला जाल तेव्हा मला बरोबर न्या. तो म्हणाला, "तिथं जाऊन काय उपयोग, ताई? तिथं दारं उघडत न्हाईत." मी म्हणाले, तरी न्या.

आबा ओसरीवर होते. मला ओळखलं, पाणी दिलं, तुमच्याबद्दल चार शब्द बोलले. "देवमानूस," म्हणाले. "लस खोटी निघाली त्याला तो काय करनार?" आणखी चारपाच माणसं बसली होती. मी उभीच राहिले, बसले असते तर बोलता आलं नसतं.

"आबा, लस खोटी नव्हती. तुमच्या नातवाला टोचलंच नव्हतं. अण्णांनी वहीत नुसतं लिहिलं. दोन्ही खेपेला. आणि साहेबांच्या कागदावर मी लिहिलं."

एकजण म्हणाला, "मेलेल्या मानसावर ढकलतीस व्हय, पोरी? कुनी शिकवून धाडलं तुला?"

आबांनी त्याला हातानं गप्प केलं. माझ्याकडं बघून विचारलं, "का? का न्हाय टोचलं?"

बायजा माजघराच्या दारामागं उभी होती. मला तिच्या लुगड्याचा काठ आणि लेकराचा एक पाय दिसत होता. ती मला अडवत नव्हती. नुसती ऐकत होती.

मी म्हणाले, "आकडा भरायचा होता."

आबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "त्याचं नाव ह्या दारात पुन्हा काढू नगा." आत हाक मारली, लेकरू बाहेर आणवलं, कुंची स्वतः सोडली आणि त्या नव्या माणसाला म्हणाले, "माझ्याम्होरं टोच. दंड उघडा करून. म्या बघनार हाय."

ओसरीवरची माणसं उठून जवळ आली आणि वाकून बघायला लागली. थोड्या वेळानं एकानं स्वतःची नात आणली. तेवढंच. बाकीची दारं त्या दिवशी बंदच राहिली.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेले. दोन्ही लेकरांना उठली आहे. मी हात लावून बघितलं.

त्या गावात आता तुम्हाला खोटारडा म्हणतात, आकड्यापायी लेकरू घालवणारा म्हणतात. काकूंच्या कानावर अजून आलेलं नाही, येईल. बायजाला झाकायला तुम्ही खोटं लिहिलंत, एवढं एक वाक्य बोलले असते तर तुम्ही सुटला असता. ते वाक्य खरं होतं याची मला अजून खात्री नाही, पण म्हणून मी गप्प राहिले असं नाही. तुम्हालाही हेच चाललं असतं, असं काकू म्हणतील, बायजा तर म्हणालीच. मला तसं म्हणवत नाही, अण्णा. मी तुम्हाला विचारलं नव्हतं.